तीस हजारांत गेमचा कॉम्प्युटर

२०२३ च्या दिवाळीनंतर भिवंडीतले माझे एक सायझिंगवाले दोस्त दुकानावर आले. साहेबजाद्यांना गेम खेळायला कॉम्प्युटर हवा होता. "तीस हजारांवर एक रुपया नाही. मॉनिटर घरात आहे. तू चल बरोबर." गल्ल्यावरच्या कॉम्प्युटरचे झाकण उघडून बघायची माझी खोड त्यांना ठाऊक, म्हणून ही जबाबदारी.

आम्ही तिघे ग्रँट रोडला उतरून लॅमिंग्टन रोडला गेलो. पहिल्याच दुकानात सौदा अडला. दुकानदाराने आठ जीबीचे जुने ग्राफिक्स कार्ड पुढे केले. भाव इतका कमी की मुलाचे डोळे चमकले. पण वाचकहो, सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियम या चलनाचे कार्डांवरचे मायनिंग बंद पडले आणि रात्रंदिवस राबलेली कार्डे बाजारात आली. तीन पाळ्या चाललेला जुना लूम रंग मारून विकतात, तसलाच हा प्रकार. हे कार्ड त्यातलेच होते असे मी म्हणत नाही. पण वॉरंटी विचारली तर "चाचा, चालू करून देतो ना," एवढेच उत्तर! मी नको म्हटले. मुलगा रुसला, दोस्तही थोडे नाराज झाले.

त्याऐवजी रायझन ५ ५६००जी घेतला. ग्राफिक्स त्याच्या पोटातच असते, पंखाही डब्यात मिळतो. किंमत ११,२००. बी४५० बोर्ड ५,६००. डब्यावर ५००० सिरीज चालत असल्याचे स्टिकर बघूनच घेतला, कारण जुन्या स्टॉकचा बायोस हा प्रोसेसर ओळखत नाही. मेमरी ३,४००, पण सोळाची एक पट्टी नव्हे, आठ-आठच्या दोन. पोटातले ग्राफिक्स याच मेमरीवर जगते आणि दोन दारांनी माल लवकर उतरतो. ५०० जीबी एसएसडी २,६००, कॅबिनेट २,३००. एसएमपीएसवर मात्र मी हात आखडला नाही: नामांकित कंपनीचा ५५० वॅट, ३,९००. आपल्याकडची व्होल्टेजची चढउतार कोणाला सांगायला नको. एकूण २९,०००, अठरा टक्के जीएसटी धरून. बिल न घेतल्यास अठराशे कमी करतो म्हणाला. प्रोसेसरची तीन वर्षांची वॉरंटी अठराशे रुपयांत कोण विकेल?

घरी जोडणी केली. बटण दाबले, पंखा फिरला, पडदा काळाच! दोस्तांनी माझ्याकडे असे पाहिले की घामच फुटला. पाऊण तास गेला. शेवटी कळले, मेमरीची एक पट्टी नीट बसली नव्हती. 'कट्' असा आवाज येईपर्यंत दाबली आणि पडदा उजळला.

सेटिंग कमी ठेवून जीटीए ५ आणि व्हॅलोरंट ठीक चालतात. नवे भारी गेम अडखळतात, हेही सांगितले पाहिजे. आणि हा हिशेब त्या वेळचा आहे. २०२५ च्या अखेरीस मेमरीचे भाव भडकले, तेव्हा निघण्याआधी दोन-तीन दुकानांत फोन करावा.

कार्डाची जागा अजून रिकामी आहे. एसएमपीएस मध्यम कार्ड सहज ओढेल. मुलगा भेटला की विचारतो, "चाचा, कधी?" मी त्याच्या अब्बांकडे बोट दाखवतो.