पाण्यावर उभे राहायला शिकताना

वैनगंगेच्या काठी राहणाऱ्या पवनीकरांना पाण्याचे नवल नाही. डोंग्यात उभा राहून जाळे फेकणारा ढीवर बांधव आपण सर्वांनी पाहिला आहे. त्याचे गुडघे किंचित वाकलेले असतात, अंग सैल असते, नजर दूर असते. डोंगा हलतो, पण माणूस पडत नाही. वेकबोर्ड या खेळाचे मर्म एवढ्यातच आहे.

वेकबोर्ड म्हणजे पायाचे बूट पक्के बसवलेली रुंद फळी. बोटीला बांधलेल्या दोराची दांडी हाती धरायची आणि बोटीमागे पाण्यावरून घसरत जायचे. हा खेळ 1980 नंतर अमेरिकेत पुढे आला. त्याचा थोरला भाऊ वॉटर स्की. 1922 साली मिनेसोटा राज्यातील राल्फ सॅम्युएलसन या 18 वर्षांच्या मुलाने आधी पिंपाच्या फळ्या वापरून पाहिल्या, मग बर्फावरच्या स्की. प्रत्येक वेळी तो बुडाला. शेवटी त्याने दोन साध्या फळ्यांची टोके गरम पाण्यात मऊ करून वर वाकवली. टोके पाण्याबाहेर ठेवून तो मागे रेलला आणि उभा राहिला!

आता उभे कसे राहायचे ते पाहू. लाइफ जॅकेट घालून पाण्यात उताणे तरंगावे. गुडघे छातीशी घ्यावेत, टाचा बुडाजवळ आणाव्यात. फळी दोराला आडवी ठेवावी. हात सरळ, गुडघ्यांच्या बाहेरून. बोट हळूहळू वेग घेऊ लागली की काही करू नये. हो, काहीच करू नये! नवशिका इथेच चुकतो. तो घाईने पाय ताणतो, दांडी छातीकडे ओढतो आणि तोंडावर आपटतो. आपण उठायचे नसते, बोट आपल्याला उठवते. फळी पाण्यावर आली की उकिडवे बसल्यासारखे राहावे, मग सावकाश उठावे. पुढचा पाय बोटीकडे वळवावा, दांडी कमरेजवळ ठेवावी. नजर पायाकडे नको, समोर हवी. तोल गेला तर दांडी लगेच सोडून द्यावी.

पुढचा पाय कोणता? कोणी मागून हलकेच ढकलले तर जो पाय आपोआप पुढे पडतो, बहुधा तोच. पहिला सराव अंगणातही होतो. मुलाने गुडघे जवळ घेऊन जमिनीवर बसावे, दोर धरावा आणि ताईने समोरून ओढावा. हात न वाकवता उठता आले की अर्धे काम झाले.

मात्र आयांनो, एक गोष्ट मनावर कोरून ठेवा. आधी पोहणे, मग फळी. शिकाऊ मुलामागे जाणकार चालक हवा आणि बोटीत मागे लक्ष ठेवणारा दुसरा माणूसही हवा. पडलेल्या मुलाजवळ बोट आली की इंजिन बंद झालेच पाहिजे. धरणाच्या दारांजवळ आणि पाणी सोडण्याच्या वेळी नदीत उतरणे म्हणजे जिवाशी खेळ.

हे सारे आपल्याला कशाला, असे कोणी विचारील. गोसीखुर्द धरणाची पायाभरणी 1988 साली झाली. त्या पाण्याखाली कितीतरी गावे, शेते, घरे गेली. त्याच जलाशयावर आता जलपर्यटन येत आहे. त्या प्रकल्पाचे भूमिपूजन 2024 साली झाले. पाण्यावर बोटी येतील, त्या चालवणारे, शिकवणारे, बुडणाऱ्याला वाचवणारे हात लागतील. ते हात कोणाचे असतील? ज्यांनी घर दिले त्यांच्या मुलांनी काठावर उभे राहून केवळ पाहुण्यांची मौज बघायची काय? गोव्यात केंद्र शासनाची राष्ट्रीय जलक्रीडा संस्था आहे. तिथे जीवरक्षकाचे आणि बोट चालवण्याचे शिक्षण मिळते. दहावी-बारावी झालेल्या मुलामुलींनी तिथली चौकशी अवश्य करावी.

आणि मुलींना वगळू नका. या खेळात दंडातल्या ताकदीपेक्षा तोल आणि धीर अधिक लागतो. पहिल्या दिवशी दहा वेळा पडणे हा शिकण्याचाच भाग आहे. पडणाऱ्याला हसू नका. अकराव्या वेळी तो उभा राहतो.