उन्नत रेल्वे स्थानकांचे अवशेष

रस्त्याच्या किंवा दुसऱ्या लोहमार्गाच्या वर, स्तंभांच्या आधाराने उभारलेल्या स्थानकास उन्नत स्थानक म्हणतात. असे स्थानक पाडल्यानंतर उरलेल्या खुणांचा शोध घेणे हा औद्योगिक पुरातत्त्वाचा एक भाग होय. जमिनीवरील स्थानक गेले, तरी त्याची जागा व हद्द बहुधा ओळखता येते. उन्नत स्थानकाखालील जमीन मात्र पुष्कळदा रस्त्याचीच असते. स्तंभ कापून तुळया भंगारात काढल्या, की रस्ता पूर्ववत होतो. त्यामुळे त्याचे अवशेष मुख्यतः सांध्यांच्या ठिकाणी, म्हणजे बांधकाम शेजारच्या भिंतीस भिडत होते किंवा मार्ग जमिनीत शिरत होता अशा जागी सापडतात.

इंग्लंडमधील लिव्हरपूल ओव्हरहेड रेल्वे हे याचे उत्तम उदाहरण होय. गोद्यांलगत सु. १० किमी. धावणारा हा विजेवरील उन्नत लोहमार्ग १८९३ मध्ये सुरू झाला. गोदी कामगार पावसात त्याच्या आडोशाने चालत, म्हणून त्यास ‘गोदी कामगारांची छत्री’ असे नाव पडले. खालून जाणाऱ्या वाफेच्या एंजिनांच्या धुरामुळे त्याचा लोखंडी तळ गंजला. दुरुस्तीचा खर्च कंपनीस पेलवेना, म्हणून ३० डिसेंबर १९५६ रोजी वाहतूक थांबली व पुढे मार्ग पाडण्यात आला. आज वॉपिंग येथील गोदामाच्या भिंतीलगतचे काही स्तंभ, डिंगल येथील भुयारी स्थानक व त्याकडे जाणाऱ्या बोगद्याचे तोंड एवढेच जागेवर उरले असून एक डबा तेथील संग्रहालयात आहे. या बोगद्याचा काही भाग २०१२ मध्ये कोसळल्याने वरच्या वस्तीतील रहिवाशांना घरे सोडावी लागली. अवशेषांची नोंद ठेवणे हा केवळ हौसेचा विषय नाही, हे यावरून दिसते.

याच्या तुलनेसाठी मुंबईतील कुलाबा स्थानक उपयुक्त ठरते. ते जमिनीवरचे होते. गुजरातकडून डहाणूमार्गे येणाऱ्या बी. बी. अँड सी. आय. रेल्वेचे ते दक्षिण टोक. त्याची नवी इमारत १८९६ मध्ये खुली झाली आणि १९२८ मध्ये कुलाबा–बोरिवली मार्गाचे विद्युतीकरण झाले. तथापि मुंबई सेंट्रल स्थानक डिसेंबर १९३० मध्ये सुरू झाल्यावर त्याच महिन्याच्या अखेरीस कुलाबा स्थानक बंद पडले आणि चर्चगेटच्या दक्षिणेकडील मार्ग काढून टाकण्यात आला. इमारत गेली, पण जमिनीचा वापर बोलका राहिला : स्थानकाच्या आवारात बधवार पार्क ही रेल्वे अधिकाऱ्यांची वसाहत उभी राहिली. लोहमार्गापासून तुटलेली ही रेल्वेची वसाहत हाच येथील मोठा पुरावा होय.

शोधाची सुरुवात जुने भूमापन नकाशे, रेल्वेचे आराखडे व छायाचित्रे यांची आजच्या नकाशाशी तुलना करून होते. त्यानंतर प्रत्यक्ष जागेवर कापलेल्या स्तंभांचे बुंधे, भिंतीतील तुळयांच्या खाचा, पहिल्या मजल्याच्या उंचीवर बुजविलेले दरवाजे, तसेच विनाकारण वळलेली किंवा मागे सरकलेली इमारतींची रेषा पाहतात. एकट्या खुणेवरून निष्कर्ष काढणे धोक्याचे असते. तीच खूण निदान एखाद्या कागदपत्राशी जुळावी लागते.

उन्नत स्थानक उभे असतानाच त्याची नोंद करणे सर्वांत सोपे असते. मुंबईत सँडहर्स्ट रोड येथे हार्बर मार्गाचे फलाट मध्य रेल्वेच्या मुख्य मार्गाच्या वरच्या पातळीवर बांधलेले आहेत. हा मार्ग ३ फेब्रुवारी १९२५ रोजी भारतातील पहिल्या विद्युत गाडीने खुला झाला. तेथील पोलादी स्तंभांवर ग्लेनगार्नॉक या स्कॉटलंडमधील कारखान्याचे नाव उठविलेले दिसते. पोलाद कोठून आले, हे अशा अक्षरांवरून कळते. स्तंभ भंगारात गेले, की ती अक्षरेही जातात. म्हणून अशा वास्तूंची मोजमापे, छायाचित्रे व कारखान्यांच्या खुणा पाडकामापूर्वीच नोंदवून ठेवणे इष्ट ठरते.