उणे सोळाचा हिशेब

यूएस ओपन ही गोल्फमधली सगळ्यात कंजूष स्पर्धा. खेळाडूला सहजासहजी काही द्यायचं नाही, हा संयोजकांचा जुना बाणा. फेअरवे, म्हणजे कापलेल्या गवताचे मधले पट्टे, अरुंद करायचे, कडेचं गवत चेंडू दिसेनासा होईल इतकं वाढू द्यायचं, ग्रीन, म्हणजे होलभोवतालचं बारीक गवताचं मैदान, सुकवून कडक करायचं, म्हणजे चेंडू पडला की थांबायच्या ऐवजी टप्पा घेऊन पलीकडे गडगडत जावा. १९७४ साली न्यूयॉर्कजवळच्या विंग्ड फूट मैदानावर हेल आयर्विन विजेता ठरला तो ठरलेल्या फटक्यांपेक्षा सात जास्त मारून. २००६ आणि २००७ या दोन्ही वर्षी विजेत्याला पाच फटके जास्त लागले. २०१० साली ग्रॅम मॅकडॉवेल जिंकला तेव्हा त्याचा हिशेब बरोबर शून्यावर आला, एकही फटका कमी नाही, एकही जास्त नाही.

पुढच्याच वर्षी, जून २०११मध्ये, वॉशिंग्टनजवळच्या काँग्रेशनल क्लबच्या मैदानावर कुरळ्या केसांचा एक बावीस वर्षांचा पोरगा हीच स्पर्धा सोळा फटके कमी घेऊन जिंकला. रॉरी मॅकलरॉयचं हे पहिलंच मोठं, म्हणजे ‘मेजर’ विजेतेपद. १९२३च्या बॉबी जोन्सनंतर इतक्या कमी वयाचा विजेता या स्पर्धेला मिळाला नव्हता. उणे सोळा हा आकडा दुसऱ्या दिवशी जगभर छापून आला. पण हा आकडा एकट्या मॅकलरॉयचा नाही. त्यात मैदानाचा वाटा आहे, पावसाचा आहे आणि दोन महिन्यांपूर्वीच्या एका फजितीचाही आहे. हे वाटे वेगळे करून पाहिले तरच विक्रम नेमका कशाचा झाला ते कळतं.

एक चौकट, दोन पट्ट्या

गोल्फ न खेळणाऱ्यांसाठी थोडी पूर्वतयारी. मैदानावर अठरा होल असतात. चांगल्या खेळाडूने कुठलं होल किती फटक्यांत संपवावं हे ठरलेलं असतं, त्याला ‘पार’ म्हणतात. अंतरानुसार पार तीन, चार किंवा पाच. एक फटका वाचला तर बर्डी, दोन वाचले तर ईगल, एक वाढला तर बोगी. मेजर स्पर्धा वर्षाला चार: एप्रिलमध्ये ऑगस्टा इथली मास्टर्स आणि तिच्या जोडीला पीजीए चॅम्पियनशिप, यूएस ओपन आणि ब्रिटिश ओपन. प्रत्येक स्पर्धा चार दिवसांची, रोज अठरा होल. काँग्रेशनलचं पार ७१ होतं, म्हणजे चार दिवसांचे २८४ फटके. मॅकलरॉयने घेतले ६५, ६६, ६८ आणि ६९. बेरीज २६८.

विक्रम मोजायच्या पट्ट्या दोन असतात, एकूण फटके आणि पारच्या तुलनेत फटके. दोन्ही एकच सांगतील असं नाही. १९८०मध्ये जॅक निकलॉसने बाल्टसरॉल मैदानावर २७२ फटके घेतले, पण तिथलं पार ७० होतं, म्हणून तो उणे आठवर थांबला. २०००मध्ये पेबल बीचवर टायगर वूड्सनेही २७२च घेतले, पण पार ७१, म्हणून उणे बारा. ली जॅन्झन आणि जिम फ्युरिक धरून चौघांच्या नावावर २७२चा विक्रम होता, उणे बाराचा मान एकट्या टायगरचा. मॅकलरॉयने दोन्ही विक्रम एका फटक्यात मोडले आणि दोन्ही ठिकाणी चार-चार फटक्यांनी. २०१७मध्ये ब्रूक्स केपकाने उणे सोळाची बरोबरी केली खरी, पण तिथलं पार ७२ होतं आणि फटके झाले होते पुन्हा २७२.

मैदान मऊ होतं

आता मैदानाकडे. काँग्रेशनलचा ब्लू कोर्स साडेसात हजार यार्डांहून लांब, म्हणजे दमछाक करणारा. पण स्पर्धेआधी तिथली ग्रीन नव्याने बांधली होती आणि जूनमधली उष्णता कडक होती. अशा उन्हात बारीक कापलेलं नाजूक गवत पाण्याशिवाय जगत नाही. पाणी बंद करून ग्रीन दगडासारखं करावं तर गवतच मरायचं. त्यात अधूनमधून पाऊस आला. परिणाम असा की लांबून मारलेला चेंडू ग्रीनवर पडताच रुतून थांबायला लागला. यूएस ओपनचं मुख्य हत्यारच बोथट झालं.

हा फरक किती मोठा होता ते एका आकड्यावरून कळतं. दुसरा आलेला ऑस्ट्रेलियाचा जेसन डे उणे आठवर संपला. २००४ ते २०१० या सात वर्षांतल्या यूएस ओपन विजेत्यांचे आकडे क्रमाने असे: उणे चार, शून्य, अधिक पाच, अधिक पाच, उणे एक, उणे चार, शून्य. म्हणजे जेसन डेच्या त्या खेळावर मागची सातही विजेतेपदं मिळाली असती, आणि इथे मात्र तो आठ फटक्यांनी हरला. तिसऱ्या क्रमांकावर चौघे होते, तेही उणे सहावर.

तेव्हा टीका झाली ती याच मुद्द्यावर. मैदान सोपं झालं, मग विक्रमाचं कौतुक किती करायचं? क्रिकेटवेड्या वाचकाला हा वाद नवा नाही. पाटा खेळपट्टीवर झालेल्या त्रिशतकाबद्दल आपणही हेच बोलतो. पण त्याच खेळपट्टीवर बाकीच्यांनी काय केलं, हा प्रश्न आपण तिथेही विचारतो. काँग्रेशनलवर १५६ जण उतरले होते आणि पाऊस सगळ्यांवर सारखाच पडला. मऊ ग्रीनचं श्रेय मैदानाला द्यायचंच तर उणे आठपर्यंत देऊ. त्याच्या खालचे आठ फटके मॅकलरॉयचे स्वतःचे.

याच न्यायाने टायगरचा २०००चा विजय अजूनही वरचा ठरतो. पेबल बीच कठीण होतं आणि दुसऱ्या क्रमांकाचे दोघे अधिक तीनवर होते. टायगर पंधरा फटक्यांनी जिंकला. आकड्यांचा विक्रम मॅकलरॉयकडे गेला, अंतराचा विक्रम टायगरकडेच राहिला.

आठ फटके आले कुठून?

गोल्फमध्ये सुरक्षित खेळाचं एक साधं माप आहे. ग्रीनवरून चेंडू होलकडे ढकलायचा हलका फटका म्हणजे ‘पट’, आणि पारमध्ये असे दोन पट गृहीत धरलेले असतात. म्हणजे चार पारच्या होलवर चेंडू दोन फटक्यांत ग्रीनवर पोहोचला तर तुम्ही वेळेवर आलात. पुढे दोन पटमध्ये तो आत गेला की पार पक्का, एकातच गेला तर बर्डी. मॅकलरॉय ७२पैकी ६२ होलवर असा वेळेवर पोहोचला. पहिल्या दिवशी तर अठरापैकी सतरा. यूएस ओपनमध्ये चांगले चांगले खेळाडू गवतातून चेंडू उकरून काढत असतात, पार वाचवायला लांबचे पट घालत असतात. या मुलावर तशी वेळच फार थोड्यांदा आली.

पहिल्या ३५ होलमध्ये त्याची एकही बोगी नव्हती. दुसऱ्या दिवशी आठव्या होलवर त्याने शंभरावर यार्डांवरून थेट आत घालून ईगल केला. सतराव्यानंतर तो उणे तेरावर होता. यूएस ओपनच्या इतिहासात तिथवर त्याच्याआधी कुणीही, कुठल्याही टप्प्यावर पोहोचलं नव्हतं. अठराव्यावर चेंडू पाण्यात गेला, दोन फटके वाढले, तरीही दोन दिवसांच्या १३१ फटक्यांचा नवा विक्रम झालाच. (तो तीन वर्षांनी मार्टिन कायमरने १३० करून मोडला.) दोन दिवसांनंतर आघाडी सहा, तीन दिवसांनंतर आठ.

स्पर्धा तिथेच संपली होती असं आज वाटतं. त्या शनिवारी रात्री तसं म्हणायला कुणी तयार नव्हतं. त्याला कारण होतं एप्रिल.

एप्रिलमधला रविवार

दोन महिन्यांपूर्वी मास्टर्समध्येही मॅकलरॉय तीन दिवसांनंतर आघाडीवर होता, चार फटक्यांनी. शेवटच्या दिवशी पहिली नऊ होल झाली तरी एका फटक्याची आघाडी शिल्लक होती. दहाव्या होलवर त्याचा पहिलाच फटका डावीकडे वळला, झाडावर आदळला आणि तिथल्या लाकडी बंगल्यांच्या मधोमध जाऊन पडला. टीव्हीवर वर्षानुवर्षं मास्टर्स पाहणाऱ्यांनीही मैदानाचा तो कोपरा कधी पाहिला नव्हता. चार पारच्या होलवर सात फटके. अकराव्यावर तीन पट, बाराव्यावर चार पट. तेराव्यावर चेंडू ओढ्याकडे गेला, तेव्हा त्याने हातातल्या काठीवर दंड टेकून त्यात डोकं खुपसलं. दिवसाचे ८० फटके, पंधरावा क्रमांक.

त्याच्याआधीच्या उन्हाळ्यात, सेंट अँड्र्यूजच्या ब्रिटिश ओपनमध्येही असंच झालं होतं. पहिल्या दिवशी ६३, दुसऱ्या दिवशी वाऱ्यात ८०. मुलात खेळ आहे, पण धीर नाही, असा शेरा मारायला लोक मोकळे झाले होते.

ऑगस्टानंतर त्याने काय केलं हे पाहण्यासारखं आहे. तो तोंड चुकवून निघून गेला नाही, त्याच संध्याकाळी पत्रकारांपुढे उभा राहिला. नंतरच्या आठवड्यांत त्याने डेव्ह स्टॉक्टन या जुन्या मेजर विजेत्याकडे पटिंगचे धडे घेतले. लांबचे फटके त्याचे कधीच वाईट नव्हते. अडचण यायची ती ग्रीनवर. आणि त्या रविवारी आपण मान खाली घालून, स्वतःला कोंडून घेऊन खेळत होतो, हे त्याने नंतर मोकळेपणी मान्य केलं. यूएस ओपनच्या थोडंच आधी तो युनिसेफसाठी हैतीला जाऊन आला, भूकंपाने उद्ध्वस्त झालेल्या वस्त्यांमध्ये.

ऑगस्टाच्या रविवारनंतर बरोबर सत्तर दिवसांनी काँग्रेशनलचा रविवार आला. पुन्हा आघाडी, पुन्हा दहावं होल. या वेळी ते तीन पारचं होतं, पाण्यावरून मारायचं. चेंडू ग्रीनवर पडला, उताराने हळूहळू परत येत होलपासून वीतभरावर थांबला. जरा आणखी वळला असता तर एकाच फटक्यात आत. ऑगस्टात जिथे सगळं विस्कटलं होतं, तिथेच इथे स्पर्धेचा निकाल लागला.

हॉलीवूड, पण तिकडचं नव्हे

हा मुलगा उत्तर आयर्लंडचा, बेलफास्टजवळच्या हॉलीवूड नावाच्या गावचा. घरची परिस्थिती बेताची. वडील गेरी गोल्फ क्लबच्या बारमध्ये काम करत, त्याशिवाय साफसफाईची नोकरी, आई रोझी कारखान्यात रात्रपाळी करत असे. मुलाला स्पर्धांना पाठवायचं तर एवढं करणं भागच होतं. नऊ वर्षांचा असताना तो टीव्हीवर आला, वॉशिंग मशीनच्या उघड्या दारातून चेंडू आत टाकून दाखवायला. सोळाव्या वर्षी रॉयल पोर्टरश या नामांकित मैदानावर त्याने ६१ फटक्यांचा विक्रम केला. यूएस ओपनचा शेवटचा दिवस जूनच्या तिसऱ्या रविवारी, फादर्स डेला येतो. त्या दिवशी गेरी मैदानावरच होते.

एवढ्याशा प्रदेशाचं हे गोल्फप्रेम त्या काळात फळाला आलं होतं. १९४७ साली फ्रेड डेलीने ब्रिटिश ओपन जिंकल्यानंतर उत्तर आयर्लंडला सहा दशकांत मेजर विजेता मिळाला नव्हता. मग २०१०च्या जूनमध्ये मॅकडॉवेल, २०११च्या जूनमध्ये मॅकलरॉय आणि पुढच्याच महिन्यात डॅरेन क्लार्क.

आकडा काय सांगत नाही

त्या आठवड्यात आयर्लंडचा पॅड्रिक हॅरिंग्टन म्हणाला होता की निकलॉसच्या अठरा मेजरचा पाठलाग करणारा हाच. त्या उत्साहात ते कुणालाच अवास्तव वाटलं नाही. २०१२ची पीजीए त्याने पुन्हा आठ फटक्यांनी जिंकली, २०१४मध्ये ब्रिटिश ओपन आणि पीजीए लागोपाठ. पंचविसाव्या वर्षी चार मेजर. आणि मग जवळजवळ अकरा वर्षं एकही नाही. २०२४च्या यूएस ओपनमध्ये, पाइनहर्स्टवर, शेवटच्या तीन होलमध्ये हातभर लांबीचे दोन पट हुकले आणि ब्रायसन डीशँबो एका फटक्याने जिंकला. काँग्रेशनलवर आठ फटक्यांनी जिंकणारा तो हाच खेळाडू.

२०२५च्या एप्रिलमध्ये ऑगस्टानेच त्याला पाचवं मेजर दिलं. चारही मेजर जिंकणारा तो सहावा खेळाडू ठरला. आठवडाभरात चार डबल बोगी, शेवटच्या होलवर हुकलेला छोटा पट, मग जस्टिन रोजविरुद्ध प्लेऑफ. उणे अकरा. फटक्यांचा कुठलाही विक्रम नाही.

पहिल्याच मोठ्या विजयात विक्रम झाला की आपण त्यावरून पुढचं भविष्य सांगायला बसतो. पण विक्रम त्या चार दिवसांपुरता बोलतो: सगळं जमून आल्यावर हा माणूस किती चांगलं खेळू शकतो, एवढंच. न जमलेल्या दिवशी तो काय करील, याचं उत्तर उणे सोळात शोधून सापडणार नव्हतं. ते मिळायला चौदा वर्षं जावी लागली. पुढे कधी एखाद्या कोवळ्या पोराच्या विक्रमाची बातमी आली तर मथळ्यातला आकडा क्षणभर बाजूला ठेवावा आणि दुसरा आलेला किती मागे होता ते आधी बघावं. भविष्य त्यानेही कळणार नाही, पण मैदानाचा वाटा किती आणि खेळाडूचा किती, एवढं नक्की कळेल.