घोळणा फुटला तर डोके मागे नको, पुढे!

एप्रिल-मे महिन्यात विदर्भ-मराठवाड्यात पारा चाळिशी ओलांडतो आणि मिरवणुकीत, शिबिरात, वसतिगृहात कुणाच्या तरी नाकातून अचानक रक्त येते. लगेच धावपळ सुरू होते. एक जण डोके मागे धरतो, दुसरा डोक्यावर पाणी ओततो, तिसरा कांदा हुंगायला देतो. सगळ्यांचा हेतू चांगला असतो, पण रक्त थांबवण्यासाठी जे करायला हवे तेच नेमके राहून जाते. सार्वजनिक कामात वावरणाऱ्या प्रत्येक तरुणाला हा विषय नीट माहीत असला पाहिजे, म्हणून आपण तो समजून घेऊ.

रक्त येते कुठून?

आपण आत घेतलेली हवा गरम आणि ओलसर करणे हे नाकाचे काम आहे. त्यासाठी नाकाच्या आतल्या पातळ अस्तराखाली बारीक रक्तवाहिन्यांचे दाट जाळे असते. दोन नाकपुड्यांमधल्या पडद्याच्या पुढच्या, खालच्या भागात अनेक रक्तवाहिन्या एकत्र येतात. वैद्यकशास्त्रात या जागेला ‘लिटलचा भाग’ म्हणतात. घोळणा फुटण्याच्या दहापैकी सुमारे नऊ घटनांमध्ये रक्त इथूनच येते. ही जागा नाकाच्या तोंडाशी असल्यामुळे बाहेरून दाबता येते आणि बहुतेक वेळा रक्त घरीच थांबवता येते.

‘उष्णतेने घोळणा फुटतो’ असे आपल्याकडे म्हणतात. त्यात तथ्य एवढेच की कोरड्या, गरम हवेने अस्तर सुकते, खपली धरते आणि जरा धक्का लागला की फुटते. हिवाळ्यातल्या कोरड्या हवेतही असेच होते. नाकात बोट घालणे, जोरात शिंकरणे, सर्दी, अ‍ॅलर्जी, धूळ, मार लागणे ही इतर नेहमीची कारणे. करणी, बाहेरची बाधा यांचा याच्याशी काडीचाही संबंध नाही.

काय करायचे?

१. माणसाला खाली बसवा, झोपवू नका. बसलेला असताना मान थोडी पुढे झुकवा.

२. नाकाच्या हाडाखालचा मऊ भाग अंगठा आणि तर्जनीने दोन्ही बाजूंनी घट्ट दाबून धरा. वरचे हाड दाबून उपयोग नाही.

३. घड्याळ लावून १० ते १५ मिनिटे सलग दाबून ठेवा. ‘थांबले का बघू’ म्हणून मध्येच सोडू नका. सोडले की धरू लागलेली गुठळी निघते आणि पहिल्यापासून सुरुवात करावी लागते.

४. तोंडाने श्वास घ्यायला सांगा. तोंडात आलेले रक्त गिळू न देता थुंकायला लावा.

डोके मागे टाकले की रक्त थांबल्यासारखे दिसते, पण ते घशात उतरत असते. पोटात गेलेल्या रक्ताने मळमळ आणि उलटी होते, श्वासनलिकेत गेले तर गुदमरण्याचा धोका असतो. शिवाय किती रक्त गेले याचा अंदाजच येत नाही. कपाळावर गार पट्टी ठेवायला हरकत नाही, पण ती नाक दाबण्याच्या ऐवजी नको. दूर्वांचा रस, तूप, कापूस असे काहीही वाहत्या नाकात घालू नका.

रक्त थांबल्यावर दिवसभर नाक शिंकरू नये, बोट घालू नये, जड ओझे उचलू नये आणि फार गरम चहा टाळावा.

दवाखाना कधी गाठायचा?

दोनदा नीट दाबूनही अर्ध्या तासात रक्त थांबत नसेल, धार मोठी असेल, घशात सतत रक्त उतरत असेल, चक्कर येऊन माणूस पांढरा पडत असेल तर थांबू नका, १०८ ला फोन करा. डोक्याला मार लागल्यानंतर नाकातून रक्त किंवा पाण्यासारखा द्रव आला तरीही तेच करा. रक्त पातळ करण्याच्या गोळ्या घेणारे आणि दोन वर्षांखालील बाळ यांच्याबाबतीत घरी वाट पाहू नये. वयस्कर माणसांचा रक्तदाब मोजून घ्यावा, कारण तो वाढलेला असेल तर रक्त थांबायला वेळ लागतो.

पावसाळ्यात आणि नंतर ताप असताना नाकातून किंवा हिरड्यांतून रक्त आले, अंगावर लाल ठिपके दिसले, पोट दुखू लागले तर डेंग्यूची शंका घ्यावी आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. अशा तापात अ‍ॅस्पिरिन किंवा आयबुप्रोफेन मनाने घेऊ नये, त्याने रक्तस्राव वाढू शकतो.

‘उष्णता आहे’ म्हणून सोडून देऊ नका

अधूनमधून घोळणा फुटणे बहुधा साधे असते. पण वारंवार फुटत असेल तर तपासणी हवीच. विशेषतः एखाद्या मुलीचा घोळणा सारखा फुटतो, पाळीत खूप रक्त जाते, जरा आपटले तरी अंगावर निळे डाग उठतात, हिमोग्लोबिन कमी येते. तेव्हा ‘तिच्या अंगात उष्णता आहे’ म्हणून विषय मिटवला जातो. मुळात तो रक्त न गोठण्याचा आनुवंशिक आजारही असू शकतो. रक्ताच्या तपासण्यांतून तो कळतो आणि त्यावर उपचार आहेत. निदान झाले नाही तर बाळंतपणात किंवा शस्त्रक्रियेच्या वेळी तोच आजार जिवावर बेतू शकतो. किशोरवयीन मुलाची एकच नाकपुडी सतत बंद राहून तिथूनच पुन्हा पुन्हा रक्त येत असेल तर कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवावे. लहान मुलाच्या एका नाकपुडीतून घाण वासाचा, रक्तमिश्रित स्राव आला तर आत मणी किंवा बी अडकलेले असू शकते.

फुटू नये म्हणून

नखे कापावीत. झोपताना नाकपुडीच्या आत पुढच्या भागाला पेट्रोलियम जेलीचे हलके बोट लावावे. औषधाच्या दुकानात मिळणारे मिठाच्या पाण्याचे थेंब वापरता येतात. पाणी भरपूर प्यावे, धुळीच्या कामावर तोंडाला रुमाल बांधावा, तंबाखूची तपकीर सोडावी. ज्यांना पुन्हा पुन्हा त्रास होतो त्यांची फुटणारी रक्तवाहिनी डॉक्टर औषधाने जाळून बंद करू शकतात. ही छोटी प्रक्रिया आहे.

पुढच्या मिरवणुकीआधी किंवा शिबिराआधी आपल्या मंडळातल्या किमान चार स्वयंसेवकांना नाक कुठे आणि किती वेळ दाबायचे हे प्रत्यक्ष करून दाखवा. एक घड्याळ, स्वच्छ कापड आणि जवळच्या सरकारी रुग्णालयाचा नंबर जवळ ठेवा. एवढ्या तयारीला खर्च येत नाही.