व्हॉल्व्हची स्प्रिंग का तुटते?

बेळगाव-निपाणी या टापूला यंत्रविद्येचे बाळकडू जुने आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ साली बेळगावात सायकलींचे दुकान थाटले व पुढे तेथेच लोखंडी नांगर घडविला. १९१० साली त्यांचा कारखाना आजच्या किर्लोस्करवाडीस गेला. तथापि लेथ आणि भट्टी यांची परंपरा बेळगावात टिकली, आणि उद्यमबागेतील कारखान्यांनी ती वाढविली. विहिरीवरचे ऑइल एंजिन केवळ आवाजावरून ओळखणारे मिस्त्री या भागात पुष्कळ आहेत. असा मुरलेला कारागीर शर्यतीसाठी फेरफार केलेल्या मोटारीचे एंजिन हाती घेतो, तेव्हा मात्र त्याचा जुना अनुभव एका ठिकाणी दगा देऊ शकतो. ते ठिकाण म्हणजे व्हॉल्व्हची स्प्रिंग.

स्प्रिंगचे काम दिसावयास सोपे आहे. कॅम व्हॉल्व्ह उघडतो आणि स्प्रिंग तो मिटविते. चार धावांच्या एंजिनात क्रँकच्या दर दोन फेऱ्यांत प्रत्येक व्हॉल्व्ह एकदा उघडतो. मिनिटाला १५०० फेरे घेणाऱ्या एंजिनात ही उघडझाप सेकंदाला साडेबारा वेळा होते. ७५०० फेऱ्यांस ती साडेबासष्ट वेळा होते. वेग पाचपट झाला, तर स्प्रिंगवरील भारही पाचपट होईल असे कोणासही वाटेल. परंतु व्हॉल्व्ह पुढे फेकणारा जडत्वाचा जोर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. म्हणजे वजन व उचल तीच धरली, तर तो पंचवीस पट होतो. संथ एंजिनात आयुष्यभर पुरणारी स्प्रिंग जलद एंजिनात का पुरत नाही, याचे उत्तर या हिशेबात आहे.

जोर अपुरा पडला की व्हॉल्व्हचा कॅमशी मेळ सुटतो. तो वेळेवर मिटत नाही, बैठकीवर आदळून उसळतो, आणि वर येणारा पिस्टन त्याला गाठतो. व्हॉल्व्ह वाकतो किंवा त्याचे डोके तुटून सिलिंडरमध्ये पडते. मग पिस्टन, हेड आणि कधी कधी सिलिंडरची भिंतही निकामी होते. थोडक्या किमतीच्या स्प्रिंगपायी सारे एंजिन भंगारात जाते.

मग अधिक ताठ स्प्रिंग बसविली म्हणजे झाले, असे नाही. तिच्या दाबाने कॅम लवकर झिजतो आणि घर्षण वाढते. जास्त उचलीचा कॅम घालून जुनीच स्प्रिंग ठेवली, तर पूर्ण उघडीच्या वेळी तिचे वेढे एकमेकांना टेकतात आणि पुढला भार कॅम व रॉकर यांच्यावर येतो. म्हणून त्या वेळीही वेढ्यांमध्ये मिळून साधारण एक ते दीड मिलिमीटर जागा उरली पाहिजे. शिवाय प्रत्येक स्प्रिंगला स्वतःचे कंपन असते. कॅमचे धक्के त्या कंपनाशी जुळले की वेढ्यांत लाटा उठतात आणि तारेवरील ताण हिशेबाबाहेर जातो. एकात एक अशा दोन स्प्रिंगा, त्याही उलटसुलट वळणाच्या, वापरण्याचे एक कारण हेच आहे.

तार तुटते ती बहुधा थकव्याने. पक्कडीचा ओरखडा, गंजाचा ठिपका किंवा पोलादातील बारीकसा मळ एवढ्यावरून तडा सुरू होतो आणि लक्षावधी हेलकाव्यांत तो खोल जातो. याकरिता चांगली स्प्रिंग सिलिकॉन-क्रोमियम पोलादाच्या शुद्ध तारेची करतात आणि तिच्यावर बारीक छर्‍यांचा मारा करून पृष्ठभाग आवळून घेतात. स्प्रिंगचा हा जाच चुकविण्याचे यत्नही झाले आहेत. १९५४ सालच्या मर्सिडीज-बेंझच्या शर्यतीच्या मोटारीत व्हॉल्व्ह मिटविण्याचे कामही कॅमकडेच दिले होते. १९८६ साली रेनोने फॉर्म्युला वनमध्ये स्प्रिंगच्या जागी दाबलेली हवा आणली.

निपाणीजवळच्या तवंदी घाटाचा उतार आणखी एक धडा देतो. पाचव्या गिअरमध्ये ३००० फेऱ्यांवर चाललेली मोटार चुकून दुसऱ्यात पडली, तर चाकेच एंजिनला ७००० फेऱ्यांपलीकडे ओढून नेऊ शकतात. वेगमर्यादेचे विद्युत् साधन इंधन तोडते. चाकांचा ओढा त्याला तोडता येत नाही. शर्यतीसाठी कसलेले एंजिन सार्वजनिक रस्त्यावर आणू नये, याचे हेही एक कारण आहे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ अशा फेरफारावर निर्बंध घालते, ही गोष्ट निराळी.

उपाय कष्टाचे आहेत, पण अवघड नाहीत. प्रत्येक स्प्रिंगचा दाब बसविण्याच्या उंचीवर काट्याने मोजावा. तो साधारण दहा टक्क्यांनी उतरला असल्यास सबंध संच बदलावा. उंचीतला फरक चकत्या घालून सारखा करावा. नवी स्प्रिंग प्रथम बेताच्या वेगाने तापवून पुरती निवू द्यावी. वरच्या वेगात जोर अकस्मात मंदावला किंवा एंजिन अडखळू लागले, तर दोष केवळ ठिणगीचा न मानता हेडचे झाकण काढून पाहावे. संथ एंजिनाच्या अनुभवाने आलेला ‘अजून चालेल’ हा निवाडा जलद एंजिनास लावू नये. तेथे कानाबरोबर काट्याचाही कौल घेतला, तर एंजिन वाचते आणि घाटात ते चालविणाराही वाचतो.