छावणीतील खटला आणि वाचकांचा निकाल

रहस्यकथेचा वाचक सहसा एकाच प्रश्नाचा पाठलाग करतो : खून कोणी केला? कथा न्यायालयात शिरली की त्याला दुसरा प्रश्न जोडला जातो : जे घडले ते सिद्ध करता येईल का? आणि हेच न्यायालय युद्धकाळात, शत्रूच्या काटेरी कुंपणाआड भरले असेल, तर तिसरा आणि सर्वांत अवघड प्रश्न उभा राहतो : तेथे न्याय हवा तरी कोणाला आहे? जॉन कॅट्झनबाख या अमेरिकन लेखकाची १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेली 'हार्ट्स वॉर' ही कादंबरी या तिन्ही प्रश्नांवर उभी आहे. २००२ मध्ये तिच्यावर त्याच नावाचा चित्रपटही आला. या कादंबरीविषयी वाचकांची मते एकसारखी नाहीत, आणि या मतभेदांचे मूळ रहस्याच्या उकलीपेक्षा तिसऱ्या प्रश्नात अधिक आहे.

कथानक थोडक्यात

काळ १९४४ चा. जर्मनीतील एका काल्पनिक छावणीत मित्रराष्ट्रांचे वैमानिक युद्धबंदी म्हणून ठेवलेले आहेत. टॉमी हार्ट हा बॉम्बफेकी विमानाचा तरुण नॅव्हिगेटर. युद्धापूर्वी तो कायद्याचे शिक्षण घेत होता आणि छावणीतही कायद्याची पुस्तके वाचून त्याने तो अभ्यास चालू ठेवला आहे. या छावणीत लिंकन स्कॉट हा कृष्णवर्णीय लढाऊ वैमानिक दाखल होतो. उच्चशिक्षित, मितभाषी आणि मानी स्कॉट इतर बंद्यांपासून दूर राहतो. वस्तूंच्या देवघेवीत तरबेज असलेला व्हिन्सेंट बेडफर्ड हा गोरा अधिकारी त्याचा उघड द्वेष करतो. एके दिवशी बेडफर्डचा खून होतो, संशय अर्थातच स्कॉटवर येतो आणि त्याच्या बचावाची जबाबदारी हार्टवर पडते. खटला पुढे सरकतो तसे हार्टच्या लक्षात येऊ लागते, की या खटल्याच्या गदारोळाआड छावणीत दुसरेच काही शिजते आहे. भुयार तयार होत आहे आणि पहारेकऱ्यांचे लक्ष न्यायालयाकडे गुंतून राहणे काही जणांना सोयीचे आहे. खुनी कोण, हे नव्या वाचकासाठी येथे राखून ठेवणेच योग्य.

असा खटला भरू शकतो का?

जाणकार वाचकांचा पहिला आक्षेप कायद्याचा आहे. १९२९ च्या जिनिव्हा करारानुसार युद्धबंदी हा त्याला पकडणाऱ्या देशाच्या लष्करी कायद्याखाली येतो. बंद्यावर खटला भरायचा असेल, तर तो भरण्याचा अधिकार त्या देशाचा असतो. आरोपीला वकील द्यावा लागतो आणि त्याच्या देशाच्या वतीने काम पाहणाऱ्या तटस्थ राष्ट्राला आगाऊ सूचना द्यावी लागते. मग अमेरिकन बंद्यांनी जर्मन छावणीत आपल्याच सहकाऱ्यावर आपलेच लष्करी न्यायालय भरवावे, हे कितपत पटते?

याच्या उलट घडलेली एक खरी घटना इतिहासात नोंदलेली आहे. नोव्हेंबर १९४३ मध्ये अमेरिकेतील ओक्लाहोमा राज्यातील टोंकावा छावणीत योहान्स कुन्झे या जर्मन युद्धबंद्याला त्याच्याच सहकाऱ्यांनी फितुरीच्या संशयावरून ठार मारले. त्याआधी त्यांनी छावणीत एक बनावट 'न्यायनिवाडा' उरकला होता. पुढे अमेरिकन लष्करी न्यायालयाने पाच जर्मन बंद्यांना दोषी ठरवले आणि १० जुलै १९४५ रोजी त्यांना फाशी देण्यात आली. म्हणजे बंद्यांनी आपसांत चालवलेला न्याय कायद्याच्या दृष्टीने न्यायच नव्हता. खरा खटला पकडणाऱ्या देशाने चालवला.

तेव्हा कायद्याच्या कसोटीवर आक्षेप घेणाऱ्या वाचकांची बाजू भक्कम आहे. मात्र कादंबरीतील खटला शत्रूच्या परवानगीने उभा आहे आणि त्याला स्वतःचा भक्कम आधार नाही, हेच लेखकाला दाखवायचे आहे. न्यायालयाचे सारे सोपस्कार तेथे आहेत. साक्षी होतात, उलटतपासण्या होतात, पुरावे मांडले जातात. तरीही सत्याचा शोध घेण्याची गरज बहुतेकांना वाटत नाही. हा विरोधाभास ज्या वाचकाला जाणवतो, त्याला खटल्यातील अवास्तवता फारशी खटकत नाही.

पलायनाची किंमत

दुसरा वाद नैतिक आहे आणि तो अधिक खोल आहे. अनेकांच्या सुटकेसाठी एका निरपराध माणसाचा खटला पडदा म्हणून वापरावा का? काही वाचक छावणीतील वरिष्ठ अधिकाऱ्यांच्या बाजूने उभे राहतात. युद्धात सेनापती रोजच काहींचे प्राण पणाला लावून इतरांना वाचवतो, मग येथे वेगळे काय, असा त्यांचा सवाल असतो. इतरांना हा हिशेबच असह्य वाटतो, कारण बळी जाणाऱ्या माणसाला विचारलेलेच नसते.

या वादाचे वजन कळण्यासाठी त्या वर्षातील एक घटना आठवावी लागते. जिनिव्हा करारानुसार पळून जाताना पकडल्या गेलेल्या बंद्याला केवळ शिस्तभंगाची शिक्षा देता येते, आणि तिची कमाल मर्यादा ३० दिवसांची आहे. परंतु मार्च १९४४ मध्ये स्टालाग लुफ्ट ३ या जर्मन छावणीतून भुयाराच्या वाटेने ७६ बंदी निसटले. त्यांतील ७३ पुन्हा पकडले गेले आणि हिटलरच्या आदेशावरून ५० जणांना गोळ्या घालण्यात आल्या. करारातील ३० दिवसांची जागा मृत्यूने घेतली. कादंबरीतील भुयाराभोवतीची जीवघेणी गुप्तता या पार्श्वभूमीवर समजून घ्यायला हवी.

मराठी वाचकाला या प्रश्नाची जवळची ओळख आहे. बीडजवळच्या पालीत बसून ही कादंबरी वाचणाऱ्याला जर्मन छावणी दूरची वाटेल. पण शेजारच्याच अहमदनगर, आताच्या अहिल्यानगर, येथे दुसऱ्या महायुद्धाच्या आरंभी जर्मन नागरिकांना स्थानबद्ध केले होते. त्यांतील ऑस्ट्रियन गिर्यारोहक हाइनरिख हॅरर पुढे देवळालीमार्गे डेहराडूनच्या छावणीत गेला आणि तेथून १९४४ मध्ये निसटून तिबेटमध्ये पोहोचला.

दुसरे उदाहरण १९७१ च्या युद्धातील आहे. भारतीय हवाई दलाचे फ्लाइट लेफ्टनंट दिलीप परुळकर यांचे विमान पाडले गेले आणि ते पाकिस्तानात युद्धबंदी झाले. ऑगस्ट १९७२ मध्ये रावळपिंडीच्या छावणीतून, भिंतीला भगदाड पाडून, ते एम. एस. ग्रेवाल आणि हरीश सिंहजी या सहकाऱ्यांसह निसटले. अफगाण सीमेपासून अवघ्या काही मैलांवर, लंडी कोतल येथे ते पकडले गेले. त्यांनी लंडी खाना या ठिकाणाची वाट विचारली होती. तेथील रेल्वे कित्येक वर्षांपूर्वीच बंद झालेली असल्याने स्थानिकांना संशय आला. भिंत फोडण्याचे काम मात्र तिघांपुरते नव्हते. खोलीतील इतर सहकाऱ्यांनी त्यात हात दिला होता आणि नंतरच्या परिणामांनाही त्यांना तोंड द्यावे लागणार होते. फरक एवढाच, की हा धोका त्यांनी जाणूनबुजून पत्करला होता. 'हार्ट्स वॉर'मधील लिंकन स्कॉटला ही निवड कधी मिळालीच नाही. पलायनाचा निर्णय योग्य की अयोग्य, याचे उत्तर या फरकात आहे.

आरोपी की साधन?

तिसरा आक्षेप कादंबरीच्या रचनेवर आहे. स्कॉटला इतरांनी साधन म्हणून वापरले, अशी तक्रार कादंबरी करते. पण लेखकानेही तेच केले नाही का, असे काही वाचक विचारतात. कथा हार्टच्या मनात चालते. घडतो, बदलतो, शहाणा होतो तो हार्ट. स्कॉटचा अपमान, त्याचा राग, त्याचे मौन हे सारे आपल्याला बाहेरून दिसते.

हा आक्षेप दुर्लक्षिण्याजोगा नाही. प्रत्यक्षात त्या काळच्या कृष्णवर्णीय वैमानिकांना स्वतःचा आवाज होता. एप्रिल १९४५ मध्ये इंडियाना राज्यातील फ्रीमन फील्ड तळावर गोऱ्यांसाठी राखीव क्लबमध्ये प्रवेश करू पाहणाऱ्या कृष्णवर्णीय अधिकाऱ्यांना अटक झाली आणि त्यांतील तिघांवर लष्करी न्यायालयात खटला चालला. अमेरिकन सैन्यातील वर्णभेद संपवण्याचा आदेश राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांनी १९४८ मध्ये काढला. अलेक्झांडर जेफरसन हे टस्कीगीचे वैमानिक स्वतः स्टालाग लुफ्ट ३ मध्ये बंदी होते आणि त्यांनी २००५ मध्ये आपल्या आठवणी प्रसिद्ध केल्या. 'हार्ट्स वॉर' आवडलेल्या वाचकाने त्यांचेही वाचन केले, तर स्कॉटचे गाळलेले शब्द त्याला सापडू शकतील.

लेखकाच्या बाजूने एक गोष्ट सांगायला हवी. जॉन कॅट्झनबाख यांचे वडील निकोलस कॅट्झनबाख १९४३ मध्ये युद्धबंदी झाले. बंदिवासात त्यांनी भरपूर वाचन केले आणि सुटकेनंतर शिक्षण पूर्ण केले. १९६३ मध्ये अलाबामा विद्यापीठात कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांचा प्रवेश रोखण्यासाठी दारात उभ्या राहिलेल्या राज्यपालांसमोर केंद्र सरकारच्या वतीने उभे राहिलेले अधिकारी तेच. पुढे ते अमेरिकेचे महान्यायवादी झाले. कायद्याचा विद्यार्थी, बंदिवास आणि वर्णभेद हे कादंबरीचे तिन्ही धागे लेखकाला घरातूनच मिळाले. त्यामुळेच छावणीचा कंटाळा, भूक, पत्रांची वाट पाहणे यांचे चित्रण वाचकांना खरे वाटते आणि संथ सुरुवातीबद्दल कुरकुर करणारेही त्याला दाद देतात.

चित्रपट पाहिलेल्यांचा घोटाळा

कादंबरीविषयीची काही मते प्रत्यक्षात चित्रपटाविषयीची असतात. चित्रपटात हार्टला डिसेंबर १९४४ च्या आर्देन लढाईत पकडलेले दाखवले आहे आणि ब्रूस विलिस यांनी रंगवलेला कर्नल मॅकनमारा कथेच्या मध्यभागी आला आहे. शेवट त्यागाच्या भव्य प्रसंगाकडे नेला आहे. त्यामुळे नैतिक पेच सुटल्यासारखा वाटतो. कादंबरी वाचकाला इतक्या सहजासहजी मोकळे करत नाही.

लष्करी न्यायालयाचा निकाल आरोपीपुरता राहत नाही, हे भारतीयांनी १९४५ मध्येच अनुभवले आहे. लाल किल्ल्यात शाहनवाझ खान, सहगल आणि धिल्लन या आझाद हिंद सेनेच्या अधिकाऱ्यांवर खटला चालला. मुंबईचे भुलाभाई देसाई यांनी त्यांचा बचाव केला आणि साऱ्या देशाने तो आपलाच खटला मानला. तेथे आरोपींमागे देश उभा होता; स्कॉटमागे केवळ एक अर्धशिक्षित वकील उभा आहे.

म्हणूनच 'हार्ट्स वॉर' वाचून संपवल्यावर खुनी आधी ओळखला की नाही, याची बढाई फारशी कामाची नाही. छावणीतील अधिकाऱ्यांच्या जागी आपण असतो, तर त्या एका माणसाला काय सांगितले असते, याचे उत्तर ज्या वाचकाने स्वतःशी दिले, त्याचेच मत या कादंबरीला खऱ्या अर्थाने पोहोचले, असे म्हणता येईल.