मुलांना विजापूर दाखवताना : थोडं पाहा, नीट पाहा

चौथीत शिवाजी महाराजांचा इतिहास सुरू झाला की विजापूर आणि आदिलशाह ही नावं मुलांच्या कानावर पडतात. पुस्तकात ती समोरच्या बाजूला असतात. घरी मात्र मोठी माणसं "आपल्या बादशाहां"च्या गोष्टी अभिमानाने सांगतात. आठ-नऊ वर्षांचं मूल यात गोंधळतं आणि कधीतरी विचारतं, "अब्बा, मग आपण कुणाच्या बाजूचे?"

या प्रश्नाला रागावून किंवा टाळून चालत नाही. आम्हा शिक्षकांना वाटतं, अशा मुलाला दोन दिवस विजापूरला न्यावं. सोलापूरहून रस्त्याने हे शहर साधारण शंभर किलोमीटर आहे आणि होटगीमार्गे रेल्वेही जाते. 2014 पासून त्याचं अधिकृत नाव विजयपुरा झालं आहे. 1490 ते 1686 अशी जवळजवळ दोनशे वर्षं ही आदिलशाहीची राजधानी होती.

मात्र लहान मुलं सोबत असतील तर यादीतली सगळी ठिकाणं उरकण्याच्या मागे लागू नका. दिवसाला दोन ठिकाणं पुरेत. प्रत्येक ठिकाणी मुलाला एक प्रश्न द्या आणि उत्तर त्यालाच शोधू द्या.

गोल गुंबज : खांब कुठे आहेत?

सकाळी दार उघडताच पोहोचा, कारण नंतर सहलींची गर्दी होते. आत शिरल्यावर मुलाला विचारा, "एवढ्या मोठ्या छपराला खांब दिसतोय का?" घुमटाचा आतला व्यास सुमारे 38 मीटर आहे आणि मध्ये एकही खांब नाही. वर पाहिलं की एकमेकींना छेदणाऱ्या आठ कमानी दिसतात. घुमटाचा भार त्या कमानींवरून जाड भिंतींवर उतरतो. मुलाला पावलं मोजत एका भिंतीपासून समोरच्या भिंतीपर्यंत चालू द्या. आकडा सांगून जे कळत नाही, ते पायांना कळतं.

मग कोपऱ्यातल्या मिनारातून सात मजले चढून वरच्या सज्जात जा. जिना अरुंद आहे आणि पायऱ्या उंच आहेत, म्हणून लहानग्याचा हात सोडू नका. तिथे भिंतीशी तोंड नेऊन हळूच बोललं तरी पलीकडच्या बाजूला कान लावलेल्या माणसाला ऐकू येतं, कारण आवाज गोल भिंतीला धरून सरकत जातो. बरेच लोक तिथे ओरडतात, शिट्ट्या मारतात. त्या गोंगाटात खरी गंमतच हरवते.

वर जाण्याआधीच एक गोष्ट मुलांना सांगून ठेवा. हा मकबरा आहे. मुहम्मद आदिलशाह (1627–1656) आणि त्यांच्या घरची माणसं इथे दफन आहेत. वर दिसतात त्या नुसत्या खुणा आहेत, खऱ्या कबरी खालच्या तळघरात आहेत. मुलांनी खाली शांतपणे फातिहा पढावी आणि वर गेल्यावर कुजबुजून खेळावं. अदब आणि मौज दोन्ही जमतं, हे मुलं इथे शिकतात.

जामा मस्जिद : ही कुणी बांधली?

उत्तर एका नावात संपत नाही. बांधकाम अली आदिलशाह पहिले (1558–1580) यांनी सुरू केलं. आत फरशीवर नमाजींसाठी एकेका मुसल्ल्याच्या चौकटी आखलेल्या आहेत, त्या दोन हजारांहून जास्त आहेत. त्या औरंगजेबाने 1686 मध्ये विजापूर जिंकल्यानंतर आखल्या गेल्या. म्हणजे एका मुस्लिम राज्याला दुसऱ्या मुस्लिम बादशाहाने संपवलं. मुलाला एवढंच दाखवा, की त्या काळच्या लढाया राज्यासाठी होत्या आणि दोन्हीकडे सगळ्या धर्मांची माणसं होती. शिवाजी महाराजांचे वडील शहाजीराजे हे स्वतः आदिलशाहीचे मोठे सरदार होते. अफझलखानाला 1659 मध्ये इथूनच पाठवलं गेलं, हेही लपवू नका. मुलाने पुस्तकात वाचलेलं खोटं ठरवायचं नाही, त्याला पूर्ण चित्र द्यायचं आहे.

इब्राहीम रौजा : भिंतीवर काय लिहिलंय?

हा मकबरा इब्राहीम आदिलशाह दुसरे (1580–1627) यांचा. एकाच चौथऱ्यावर समोरासमोर मकबरा आणि मस्जिद, मध्ये हौद. मकबऱ्याच्या जाळ्या दगडात अरबी अक्षरं कोरून केल्या आहेत. कुरआन वाचायला शिकणाऱ्या मुलाला म्हणा, "यातलं एक अक्षर ओळखून दाखव." मग बघा, तो किती वेळ तिथून हलत नाही.

इब्राहीम गादीवर आले तेव्हा नऊ-दहा वर्षांचेच होते. त्यांच्या वतीने काही काळ चांदबीबींनी कारभार पाहिला. त्या अहमदनगरच्या शहजादी, विजापूरच्या सून, आणि पुढे 1595-96 मध्ये मुघल फौजेपासून अहमदनगरचा किल्ला राखणाऱ्या. मुलींना हे नाव आवर्जून सांगा. इब्राहीम यांना संगीताचा मोठा नाद. त्यांच्या तंबोऱ्याचं नाव होतं मोतीखान आणि हत्तीचं आतिशखान! ही नावं मुलं विसरत नाहीत. त्यांनी दखनी भाषेत 'किताब-ए-नौरस' लिहिलं. त्यात पैगंबर (स.) आणि हजरत बंदे नवाज गेसूदराज यांच्याबरोबर सरस्वतीचंही स्मरण आहे.

दखनी म्हणजे आपल्या कित्येकांच्या दादी-नानीची बोली. "नक्को" म्हणताना किंवा "मेराइच है" म्हणताना त्यातला "नको" आणि "च" मराठीतून आलेला आहे. आदिलशाहीची कित्येक फर्मानं फारसी आणि मराठी अशा दोन्ही भाषांत निघत. घरी उर्दू आणि शाळेत मराठी बोलणाऱ्या मुलाला हे कळलं, की आपल्या दोन भाषांचं नातं शेकडो वर्षांचं आहे हे त्याला वेगळं समजावावं लागत नाही.

मलिक-ए-मैदान : ही तोफ कुठून आली?

रौजापासून जवळच शर्झा बुरुजावर ही तोफ आहे. वजन सुमारे 55 टन, तोंड सिंहाचं, आणि सिंहाच्या जबड्यात हत्ती. 1549 मध्ये मुहम्मद बिन हसन रूमी यांनी ती अहमदनगरला ओतली. पुढे ती परांडा किल्ल्यावरून विजापूरला आणली गेली. मुलांना नकाशावर तिन्ही गावं शोधायला लावा. आजची राज्यांची हद्द तेव्हा नव्हती, हे त्यांना आपसूक समजेल.

निघण्यापूर्वी

ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा काळ बरा. उन्हाळ्यात दगड तापतात आणि मुलं चिडचिडी होतात. दुपारी अकरा ते चार आराम करा. पाणी, टोपी आणि सुका खाऊ सोबत ठेवा. टांगा किंवा रिक्षा घेताना पैसे आधी ठरवा. पुरातत्त्व खात्याच्या तिकिटाच्या ठिकाणी पंधरा वर्षांखालच्या मुलांना तिकीट लागत नाही. भिंतीवर नाव लिहिणारे दिसले तर मुलांना ते चूक का, हे तिथेच सांगा.

आणि "आपण कुणाच्या बाजूचे" याचं उत्तर? आपण याच मातीचे. मराठी आपली, दखनी आपली, शिवरायांचा इतिहास आपला आणि गोल गुंबजही आपलाच. मुलांना हे सांगताना आवाज चढवावा लागत नाही. परतल्यावर त्यांना वहीत तीन चित्रं काढू द्या, दादीकडून दखनीचे दहा शब्द लिहून घेऊ द्या. शाळेत पुढे हा धडा निघेल, तेव्हा तुमचं मूल मान खाली घालणार नाही आणि कुणाशी भांडणारही नाही. आपण काय पाहिलं, ते सांगेल, इन्शाअल्लाह.